रात्र कशी जाते, हेही विचारा

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
वाशिम

महोदय,



तिशी ओलांडलेल्या माणसांची नोंद करायला आशाताई घरी येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत कंबर मोजायची टेप असते. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर, पुरुषाची 90 च्या वर गेली की अर्जावर गुण पडतात. तंबाखू, दारू, हालचाल, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, हेही विचारलं जातं. मधुमेह आणि रक्तदाब वेळेत पकडण्याची ही पद्धत चांगली आहे, आणि आशाताई ती उन्हातान्हात राबवतात. माझी विनंती एवढीच आहे की तीच टेप पुढे गळ्याभोवतीही फिरवावी आणि घरातल्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत: हे झोपेत मोठ्यानं घोरतात का? आणि घोरता घोरता श्वास थांबल्यासारखा होतो का? अंगात थकवा आणि वाढतं वजन दोन्ही असेल तर टीएसएचची, म्हणजे थायरॉईडची रक्ताची, तपासणी व्हावी. आणि टीएसएच नॉर्मल आला म्हणून चौकशी तिथेच संपू नये.

हे लिहावंसं का वाटलं ते सांगते. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर थोडा वेळ बसा. "मले थायराईट हाये, म्हून आंग सुटून रायलं," हे वाक्य कानावर पडतंच. केस गळतात, पाय जड होतात, दुपारी बसल्याजागी डोळा लागतो, कामात चित्त राहत नाही. सगळ्याला उत्तर एकच. मग गोळी सुरू होते. पन्नासची, पुढे पंचाहत्तरची, पुढे शंभराची. काही महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल येतो. डॉक्टर म्हणतात, आता ठीक आहे. बाई म्हणते, ठीक नाही. दोघंही खरं बोलत असतात. त्या दोघांच्या खऱ्याच्या मध्ये जे राहून जातं, त्याविषयी हे पत्र आहे.

थायरॉईडचा आजार खरा आहे आणि भरपूर आहे. देशातल्या 8 शहरांत झालेली एक मोठी पाहणी 2013 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 5,376 प्रौढांपैकी जवळजवळ 11 टक्क्यांना हायपोथायरॉईडिझम, म्हणजे ग्रंथीचं काम मंदावल्याचं आढळलं. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांना ते आधी ठाऊकच नव्हतं. समुद्राकाठच्या शहरांपेक्षा आतल्या भागातल्या शहरांत प्रमाण जास्त निघालं. त्यामुळे गोळी घेणाऱ्या बायांना कुणी 'मनाचे खेळ' म्हणू नये. माझं म्हणणं वेगळं आहे. थायरॉईडच्या खात्यावर आपण जितकं वजन टाकतो, तितकं त्याचं नसतं. अमेरिकन थायरॉईड असोसिएशन रुग्णांसाठीच्या माहितीत सांगते की मंद थायरॉईडमुळे वाढणारं वजन साधारण अडीच ते साडेचार किलो असतं, आणि त्यातही मोठा वाटा अंगात साचलेल्या मिठाचा आणि पाण्याचा असतो. गोळी लागू पडली की एवढं उतरू शकतं. पण लग्नानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत वीस किलो वाढलेल्या बाईला, 'गोळी सुरू झाली, आता वजन उतरेल,' असं सांगणं म्हणजे तिला खोट्या आशेवर ठेवणं. वजन उतरलं नाही की ती स्वतःलाच दोष देते. नाहीतर गोळी सोडून देते. यातली दुसरी गोष्ट तर फारच वाईट.

याची उलटी बाजू बाकावरच्या गप्पांत कधी येत नाही. वजन फार वाढलेल्या माणसाचा टीएसएच थोडा वर गेलेला दिसू शकतो, आणि वजन उतरलं की तोही खाली येतो. अशा वेळी टीएसएच वाढला म्हणून वजन वाढलं, की वजन वाढलं म्हणून टीएसएच वाढला, हे एका कागदावरून ठरत नाही. थोडासा वाढलेला आकडा दिसला की लगेच जन्मभराची गोळी, असं होऊ नये. पुन्हा तपासणी करावी, फ्री टी-फोर बघावा, गळ्याला हात लावून गाठ किंवा सूज पाहावी. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ओपीडीच्या गर्दीत गळ्याला हात लावायला वेळ मिळत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

आता रात्रीकडे येते. विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शनला मऊ पाईप जोडला तर मोटार ओढू लागताच तो चपटा होऊन आतल्या आत चिकटतो; म्हणून तिथे कडक पाईप लागतो, हे आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. माणसाचा घसा हा मऊ पाईप आहे. जागेपणी त्याच्या भोवतीचे स्नायू त्याला ताणून उघडा धरतात. झोपेत ते सैल पडतात. गळ्याभोवती आणि जिभेत चरबी साचलेली असली की वाट आधीच अरुंद झालेली असते. छाती हवा आत ओढते, घसा मिटतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होऊन खर्रकन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. तासाला 5 ते 15 वेळा असं झालं तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा झोप मोडणार, रात्रभर. याला स्लीप अ‍ॅपनिया म्हणतात.

थायरॉईड मंदावला की या घशाची अवस्था आणखी बिघडते. कातडीखाली आणि स्नायूंत पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो तो त्यामुळेच. तसंच जीभ जाड होते, घशाच्या भिंती फुगतात, घसा उघडा धरणारे स्नायू दुबळे होतात. आवाज घोगरा होतो. गलगंड असला तर तो बाहेरून श्वासनलिकेवर दाब टाकतो. प्राणवायू कमी पडल्यावर 'श्वास घे' म्हणणारी मेंदूतली ओढसुद्धा मंदावते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हायपोथायरॉईडिझमच्या 50 नव्या रुग्णांची झोप त्यांनी यंत्रावर तपासली, तेव्हा त्यांतल्या 15 जणांचा श्वास झोपेत बिघडत असल्याचं दिसलं. थायरॉक्सिनची गोळी सुरू करून पुन्हा तपासलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांचा त्रास गेला. म्हणजे काहींच्या बाबतीत घोरण्यावरचा उपाय सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती स्वस्त गोळीच आहे. आणि काहींच्या बाबतीत ती पुरत नाही, कारण गोळीने सूज उतरते, गळ्याभोवतीची चरबी उतरत नाही.

हे दोन आजार एकमेकांआड सहज लपतात, कारण दोघांची तक्रार एकच. दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं. सुस्ती. सकाळी डोकं जड. विसरायला होणं. मन उदास. वजन. ज्याला थायरॉईड सापडला त्याच्या सगळ्या तक्रारी थायरॉईडच्या नावावर जातात आणि रात्रीचा आजार झाकलेलाच राहतो. घोरणाऱ्याला कुणी थायरॉईड विचारत नाही, 'खाणं कमी कर' एवढंच सांगतात. खाणं कमी करायला अंगात उभारी लागते, आणि रात्रभर झोप मोडलेल्या माणसाकडे ती नसते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, चालायला जावंसं वाटत नाही. वजन वाढतं, वजनाने घसा आणखी मिटतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लोकांची झोप चार वर्षांच्या अंतराने तपासून 2000 साली एक निष्कर्ष मांडला गेला. वजन 10 टक्के वाढलं तर तासाला श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढतं, 10 टक्के उतरलं तर सुमारे 26 टक्क्यांनी कमी होतं. ऐंशी किलोच्या माणसाचे आठ किलो. हा आकडा आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असावा, असं मला वाटतं.

माझ्या वहिनींचं सांगते. गोळी नियमित, रिपोर्ट उत्तम, तरी चुलीपुढे बसल्या बसल्या डुलकी. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, बी-12 ची इंजेक्शनं झाली. 'झोप नीट लागत नाही' म्हणाल्या तेव्हा एका दवाखान्यातून झोपेच्या गोळ्या मिळाल्या. त्यानंतर सकाळी उठणं आणखी कठीण होत गेलं. रात्र कशी जाते हे कुणी घरच्यांना विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांच्या लेकीने सांगितलं असतं की आईचा श्वास मधेच बंद होतो आणि ती भिऊन तिला हलवते. जिल्ह्याबाहेर जाऊन झोपेची तपासणी झाली आणि तीव्र स्लीप अ‍ॅपनिया निघाला. थायरॉईड होताच, आहेच. तो एकटा नव्हता.

झोपेच्या गोळ्यांबद्दल इथे जरा थांबून लिहिते, कारण त्यात जिवाचा धोका आहे. झोपेच्या आणि गुंगीच्या बहुतेक गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि मेंदूची जाग उशिरा आणतात. दारूही तेच करते. ज्याचा थायरॉईड फार मंद आहे आणि उपचाराविना आहे, त्याच्या शरीरातून अशी औषधं लवकर बाहेरही पडत नाहीत. अशा माणसाचा श्वास मंदावला तर तो परत पूर्ववत होईलच असं नसतं. शस्त्रक्रियेच्या वेळची भूलही अशा रुग्णात जपून द्यावी लागते. थकवा आणि मोडकी झोप घेऊन आलेल्या जाड माणसाला झोपेची गोळी लिहिण्यापूर्वी घोरण्याचा प्रश्न विचारावा, एवढी लेखी सूचना तुम्ही सगळ्या केंद्रांना दिलीत तरी मोठं काम होईल.

घोरणाऱ्या पुरुषाला आपल्याकडे कुंभकर्ण म्हणून हसतात. 'भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा' अशी आपली म्हण. दिवसभर राबणारा माणूस पडल्या पडल्या घोरू लागला की त्याला गाढ झोप लागली असंच घर समजतं. म्हणून रात्रीचा आजार तक्रार बनून दवाखान्यात येतच नाही. 15 फेब्रुवारी 2022 च्या रात्री मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारणांत 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅपनिया' सांगितलं आणि मराठी वृत्तपत्रांनी दोन दिवस तो शब्द छापला. पुढे तो विसरला गेला. पण आकडे काही विसरण्यासारखे नाहीत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांनी 2004 साली 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात 19.5 टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत होता, आणि दिवसाच्या झोपाळूपणासकट पूर्ण आजार 7.5 टक्क्यांना होता. हे मुंबईचे पुरुष, आपण वाशिमचे, कबूल. पण आपल्या जिल्ह्यातही आता नांगरणी ट्रॅक्टरने होते, सोयाबीनची काढणी यंत्राने होते, बाजाराला मोटारसायकल जाते, आणि तालुक्याच्या गावांत दुकानावर बसून दिवस जातो. शिवाय भारतीयांच्या जबड्याची आणि घशाची ठेवण अशी, की फारसं वजन नसतानाही हा आजार होऊ शकतो. आपल्या लोकांसाठी बीएमआय 25 च्या वर लठ्ठपणा धरतात तो उगाच नाही.

बायांच्या बाबतीत तर हा आजार दुहेरी दडतो. त्या कमी आवाजात घोरतात किंवा घोरतात हे सांगायला लाजतात. तक्रार करताना 'झोप येत नाही, डोकं दुखते, चैन पडत नाही' असं सांगतात. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यात अ‍ॅपनियाचं प्रमाण वाढतं, आणि थायरॉईडचा त्रासही बायांतच जास्त. आशाताई स्वतः बाई आहेत. हा प्रश्न त्यांनी स्वयंपाकघरात बसून, सुनेला किंवा लेकीला विचारला तर खरं उत्तर मिळेल. डॉक्टरांच्या टेबलापुढे ते मिळणार नाही.

आणि चालक. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. सरळ रस्ता, वेग, रात्र, आणि स्टीअरिंगवर कदाचित असा माणूस ज्याची कालची झोप तासाला तीस वेळा मोडली आहे. कुठल्या एका अपघाताचं कारण हेच होतं, असा माझा दावा नाही. पण युरोपीय संघाने 2014 साली वाहन परवान्याच्या नियमांत मध्यम आणि तीव्र स्लीप अ‍ॅपनिया घातला. उपचार घेऊन आजार ताब्यात असल्याचं वैद्यकीय मत मिळालं तर चालकाला परवाना मिळतो. आपल्याकडे व्यावसायिक चालकाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतंच. आपल्या जिल्ह्याच्या, एमएच-37 च्या, गाड्या चालवणाऱ्यांना, एसटीच्या आणि रुग्णवाहिकेच्या चालकांना तेवढ्या वेळात हा प्रश्न विचारता येईल. उत्तर दिल्याने नोकरी जाणार नाही, उपचार मिळेल, हे मात्र आधी स्पष्ट सांगावं लागेल. नाहीतर प्रत्येक चालक 'नाही घोरत' असंच सांगेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

सोयीचं म्हणाल तर सगळं शून्यातून उभं करायचं नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. रक्ताचे नमुने तपासणीसाठी महालॅबकडे जातात. 2024 च्या ऑक्टोबरात वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं; त्याआधी आमच्यासाठी सर्वांत जवळचं म्हणजे अकोला, आणि मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या माणसाला ते जवळ वाटत नाही. केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले, त्यांत आपलं नाव आहे. पाचांपैकी चार माणसं खेड्यात राहतात. अशा जिल्ह्यात सगळ्यांना मोठ्या यंत्रावर झोपवून तपासणं शक्य नाही, त्याची गरजही नाही. बोटाला ऑक्सिमीटर, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, एवढ्या साधनांची घरी लावायची तपासणी निघाली आहे आणि संशयित रुग्णांपैकी बहुतेकांना ती पुरते. कोरोनात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर यासाठी चालत नाहीत, कारण ते रात्रभराची नोंद ठेवत नाहीत. नोंद ठेवणारे वेगळे असतात. असे थोडे संच जिल्हा रुग्णालयात आणि प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात असावेत. रुग्ण सायंकाळी घेऊन जाईल, सकाळी परत आणून देईल.

उपचाराचं यंत्र, सीपॅप, ही खरी अडचण आहे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली ते जगापुढे आणलं: मास्कमधून मंद दाबाने हवा सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. साधं यंत्रही कित्येक हजारांना पडतं आणि वीज लागते. आमच्या गावात रात्री वीज किती वेळ असते हे मी सांगायला नको. म्हणून सगळ्यात तीव्र रुग्णांसाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून यंत्रं घेऊन ती वापरायला देण्याची सोय करावी. रुग्णाची गरज संपली की यंत्र पुढच्याला. बाकीच्यांना वजन, कुशीवर झोपणं, दारू सोडणं आणि थायरॉईडची गोळी नीट घेणं, यानेही बराच फरक पडतो.

'गोळी नीट घेणं' म्हणजे काय, हे मेडिकलवाला सांगत नाही, म्हणून लिहिते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी निदान अर्धा तास. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन मुबलक, अनेक घरी कणकेत सोयाबीनचं पीठ मिसळतात. ते खायला हरकत नाही, पण गोळीला लागून खाऊ नये, कारण त्यामुळे गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. 'सोयाबीन पेरलं म्हून थायराईट झाला' असं मात्र कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

हे एकदम सगळ्या जिल्ह्यात होणार नाही, हे मला कळतं. एखाद्या तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र निवडा. तिथल्या आशाताईंना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या: गळ्याचा घेर 40 सेंटिमीटरच्या वर आहे का, घोरणं, श्वास थांबणं, दिवसा डोळा लागणं, रक्तदाब. यांतल्या तीन गोष्टी जुळल्या की माणूस डॉक्टरांकडे, डॉक्टर टीएसएच करतील आणि रात्रीची तपासणी लिहून देतील. या जादा कामाचा वेगळा मोबदला आशाताईंना मिळावा, फुकट करायला लावू नये. महाविद्यालयातल्या डॉक्टरांना सोबत घ्या, त्यांच्या विद्यार्थ्यांना यातून शिकायलाही मिळेल. आणि सहा महिन्यांनी किती लोकांना विचारलं, किती जण तपासले, किती निघाले, हे आकडे जिल्हा परिषदेच्या फलकावर लावा, ते थोडे निघोत की फार.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
वाशिम जिल्ह्यातील एक रहिवासी